वर्ष वाया गेलं म्हणतेस, पण त्यातलं नेमकं काय वाया गेलं?

पत्र:

ताई, मी ३६ वर्षांची आहे, मला तू म्हटलंत तरी चालेल. दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी वही घेऊन बसते आणि वर्षभरात काय झालं ते लिहिते. यावर्षी बसले आणि लिहिताच येईना. जानेवारीत सहा संकल्प केले होते, रोज सकाळी चालायचं, महिन्याला एक पुस्तक वाचायचं, रात्री दहानंतर मोबाईल नाही, चिडचिड करायची नाही, दर महिन्याला ठरलेली बचत करायची आणि शाळेत असताना चित्रं काढायचे ते परत सुरू करायचं. एकही पूर्ण झाला नाही. चालणं जुलैपर्यंत चाललं मग बंदच पडलं.

फेब्रुवारीत प्रमोशन मिळालं, चार वर्षं वाट बघत होते त्याची. मे महिन्यात सगळ्यात जवळच्या मैत्रिणीशी भांडण झालं, दोघीही जे बोलू नये ते बोललो, तेव्हापासून बोलणं बंद. जुलैत आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग तीन महिने मी तिच्याकडेच राहिले आणि तिथूनच ऑफिसचं काम केलं. भावाशी दोन वर्षं बोलणं नव्हतं, त्याला तेव्हा फोन करावा लागला, तो आला, आता आम्ही बोलतो. आई आता काठी घेऊन चालते. आणि आत्ता डिसेंबरमध्ये मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर साहेबांनी माझा प्रोजेक्ट काढून दुसऱ्याला दिला, कारण काय तर मी "मधे गायब होते".

सगळे आपापलं वर्ष कसं भारी गेलं ते टाकतायत, ट्रिप, नवीन घर, बाळ, मेडल. मला वाटतं माझं वर्ष वाया गेलं. तीन गोष्टी विचारायच्यात. हे वर्ष मी कसं बघू? मैत्रिणीला एक तारखेला मेसेज करू का? आणि संकल्प पुन्हा करावेत की हा प्रकारच सोडून द्यावा?

— वही कोरी ठेवलेली

उत्तर:

अगं, तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतेच, पण त्याआधी तुझ्याच पत्रातलं एक वाक्य तुला दाखवायचंय, कारण मला खात्री आहे की लिहून झाल्यावर तू ते नीट वाचलेलं नाहीस. "भावाशी दोन वर्षं बोलणं नव्हतं, त्याला तेव्हा फोन करावा लागला, तो आला, आता आम्ही बोलतो." बास, एवढंच, आणि लगेच पुढे आईची काठी. दोन वर्षं ज्या माणसाशी बोललो नाही त्याचा नंबर काढून फोन लावायचा, तेही आई हॉस्पिटलमध्ये असताना, तो उचलेल का, उचलला तर जुनं उकरून काढेल का, आपणच आधी नमतं घेतलं असं होईल का, हे सगळं पोटात घालून लावायचा, हे सोपं नसतं गं, कित्येकांना ते आयुष्यभर जमत नाही आणि मग एक दिवस फोन लावायला पलीकडे माणूसच उरत नाही. तू ते केलंस. आणि तुझ्या हिशोबात ते कुठेच नाही, का तर जानेवारीतल्या सहाच्या यादीत ते नव्हतं.

माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं. तू वर्षाकडे बघायला बसलीस तेव्हा तुझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या, जानेवारीतली यादी आणि डिसेंबरमधला मूड. मधले महिने तू जे जगलीस ते या दोन्हींत नाहीये. जानेवारीत यादी करणाऱ्या तुला माहीतच नव्हतं की जुलैत आई पडणार आहे, तिने ती यादी केली ती एका वेगळ्याच वर्षासाठी, जे आलंच नाही. आणि आत्ताची तू सगळ्यांसमोर झालेल्या अपमानातून अजून बाहेर आलेली नाहीस. या दोघींनी मिळून निकाल लावला तर तो "वाया गेलं" असाच लागणार. म्हणून आठवणीवर जाऊ नकोस, नोंदींवर जा. कशा, ते सांगते, पण आधी हा डिसेंबरचा मूड काय करतो ते बघ.

१९९३ साली डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला, आणि एकदा तेच ६० सेकंद अधिक वर ३० सेकंद, फक्त त्या जादाच्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं, म्हणजे तरीही गारच, पण जरा सुसह्य. मग विचारलं, यातलं परत करायचं झालं तर कुठलं कराल? ३२ पैकी २२ जणांनी लांबलेलं निवडलं. जास्त वेळ त्रास होता तरी निवडलं, कारण शेवट जरा बरा होता. आपण एखादा अनुभव आठवतो तेव्हा तो किती वेळ चालला ते फारसं धरतच नाही, त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, यावरच मत बनवतो. आता वर्ष म्हणजे काही दीड मिनिटाचा प्रयोग नाही, इतक्या मोठ्या काळाला हे जसंच्या तसं लावता येणार नाही हे मलाही कळतं, पण तू एक करून बघ, तुझ्या वर्षाचा क्रम उलटा लाव. समज प्रोजेक्टचा तो प्रकार फेब्रुवारीत झाला असता आणि प्रमोशन आत्ता डिसेंबरमध्ये मिळालं असतं. आईचं, भावाचं, मैत्रिणीचं सगळं तसंच. तू मला हे पत्र लिहिलं असतंस का? मला नाही वाटत. तू लिहिलं असतंस की वर्ष खडतर होतं पण शेवटी चीज झालं. घटना त्याच आहेत, फक्त तारखा बदलल्या.

डॅन मॅकॅडम्स म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, माणसं स्वतःच्या आयुष्याची गोष्ट कशी सांगतात याचाच अभ्यास त्यांनी वर्षानुवर्षं केलाय. त्यांनी गोष्टींचे दोन प्रकार दाखवून दिलेत, एकात वाईटातून काहीतरी चांगलं निघतं आणि दुसऱ्यात चांगलं चाललेलं असतं ते नासतं. प्रमोशन मिळालं पण प्रोजेक्ट गेला, ही नासण्याची गोष्ट. आई पडली आणि त्यात भाऊ परत आला, ही पहिल्या प्रकारची. तुझ्या वर्षात दोन्ही आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत, तू फक्त एकीचंच नाव वर्षाला दिलंस.

याचा अर्थ असा मुळीच नाही की आता ओढूनताणून सगळं गोड करायचं. हल्ली वर्ष संपलं की "या वर्षाने मला काय शिकवलं" लिहायची पद्धत पडलीये ना, ती मला मनापासून आवडत नाही. आई पडली त्यातून तुला काही शिकायचं नव्हतं. ती पडली कारण म्हातारपणी माणसं पडतात, तिला दुखलं, तू घाबरलीस, रात्री जागून काढल्यास, ते वाईट होतं आणि ते नुसतं वाईट म्हणून वहीत लिहायची तुला पूर्ण मुभा आहे. प्रत्येक दुःखातून धडा निघालाच पाहिजे म्हटलं की ज्याला धडा सापडत नाही त्याला वाटतं आपण दुःखही नीट भोगलं नाही, हा केवढा अन्याय आहे माणसावर.

तर आता नोंदी. कोरी वही तशीच राहू दे जरा. फोनची गॅलरी उघड आणि जानेवारीपासून एकेक महिना बघत ये, फोटो बरे आलेत का ते बघायला नाही, त्या दिवशी तू कुठे होतीस आणि कोणाबरोबर होतीस ते बघायला. मग मेसेज, ऑफिसचं कॅलेंडर, बँकेचं स्टेटमेंट, आईच्या हॉस्पिटलचे कागद. हे सगळं एका बैठकीत उरकू नकोस, दमशील, तीनचार संध्याकाळी घे. एकेका महिन्याला एक पान, आणि पानावर दोनच प्रश्न, या महिन्यात माझ्यावर काय येऊन पडलं आणि या महिन्यात मी काय केलं. दोन्ही वेगळं लिहायचं, मिसळायचं नाही. "आईचं ऑपरेशन" हे येऊन पडलेलं. "ऑफिसचं काम सांभाळून तीन महिने तिच्याजवळ राहिले" हे तू केलेलं. "भावाला फोन" हे तू केलेलं. मैत्रिणीशी भांडण, हे दोन्ही रकान्यांत थोडं थोडं जाईल, जाऊ दे, खोटं लिहू नकोस.

मला वाटतं हे करताना तुला काही गोष्टी सापडतील. उदाहरणार्थ तू म्हणतेस एकही संकल्प पूर्ण झाला नाही. पुस्तकं किती वाचलीस ते तू लिहिलंच नाहीस. मला नाही वाटत ती शून्य असतील, बारा झाली नाहीत म्हणून तू सरळ फुली मारलीस. बचतीचंही तेच, स्टेटमेंट काढ आणि बघ किती महिने पैसे बाजूला पडलेत. आणि चालण्याबद्दल तर मला तुझ्याशी थोडं भांडायचंच आहे. जानेवारी ते जुलै रोज सकाळी चालत होतीस आणि त्याला तू "बंदच पडलं" म्हणतेस! संकल्पांवर जॉन नॉरक्रॉस यांनी १९८०च्या दशकात २०० लोकांवर अभ्यास केला होता, त्यात पहिला आठवडा पार केलेले होते ७७ टक्के आणि दोन वर्षांनंतर टिकलेले १९ टक्के. पण मला त्यातला आवडलेला आकडा वेगळाच आहे. शेवटपर्यंत जे यशस्वी झाले त्यांच्यातल्याही निम्म्याहून जास्त लोकांची गाडी मधे घसरली होती, आणि दोन वर्षांत घसरण्याची सरासरी होती १४ वेळा. म्हणजे घसरणं हे न जमणाऱ्यांचं लक्षण नाहीच, ज्यांना जमलं तेसुद्धा घसरतच पोचले.

मग तुझं चालणं का थांबलं? आळस म्हणतेयस मनातल्या मनात, मला दिसतंय ते. पण सवय ही माणसात जेवढी असते तेवढीच जागेत असते. वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एका विद्यापीठातून दुसरीकडे बदलून गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, व्यायाम, वाचन, टीव्ही बघणं अशा त्यांच्या सवयींचं काय होतं ते बघितलं. नवीन ठिकाणची परिस्थिती जुन्यासारखी राहिली तिथे सवयी टिकल्या, परिस्थिती बदलली तिथे सवयीचा जोर गेला. तुझं चालणं तुझ्या घराच्या दाराशी, तुझ्या बुटांशी, तुझ्या सकाळच्या वेळेशी बांधलेलं होतं. जुलैत तुझं घर बदललं, सकाळ बदलली, सकाळी उठून पहिलं काम आईला उठवून बसवणं हे झालं, त्या दिवसात चालायला जागाच नव्हती. तू तेव्हा चालायला गेली असतीस तर आईला बाथरूमला कोणी नेलं असतं? हा संकल्प मोडला असं म्हणूच नकोस, तो तू बाजूला ठेवलास आणि त्याहून महत्त्वाचं काम घेतलंस. परत आल्यावर सुरू झालं नाही हे खरं, त्याचं पुढे सांगते.

ऑफिसचं बोलूया, कारण मला वाटतं सगळ्यात जास्त तेच सलतंय. "मधे गायब होते" हे सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, आणि ज्या काळात तू आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम करत होतीस नेमका तोच काळ तुझ्यावर फेकला गेला. राग येणं बरोबरच आहे. पण त्या वाक्याचं उत्तर वर्षाला नावं ठेवून मिळणार नाही, ते ऑफिसातच मिळवायला लागेल. जुलै ते सप्टेंबरच्या पानांवर ऑफिसच्या कॅलेंडरमधून आणि मेलमधून बघ तू त्या महिन्यांत काय काय पूर्ण केलंस, कुठल्या मीटिंगला होतीस, कुठली डेडलाईन पाळलीस. काही राहिलं असेल तर तेही दिसेल, ते लपवू नकोस. मग नवीन वर्षाचे पहिले आठपंधरा दिवस जाऊ दे आणि साहेबांकडे अर्धा तास वेगळा माग, एकटीने, कागद हातात घेऊन. तिथे प्रोजेक्ट परत मागायचा की पुढच्याची जबाबदारी मागायची हे आधी ठरवून जा, नुसतं मन मोकळं करायला जाऊ नकोस, त्यासाठी मी आहे, बाकीची माणसं आहेत. तिथे एक स्पष्ट मागणी ने.

लोकांच्या पोस्टबद्दल फार लिहीत नाही. तू स्वतः वर्षभर काय टाकलंस ते बघ, प्रमोशन टाकलं असशील, मेमधलं भांडण टाकलं नसशील. बाकीचेही तेच करतात. दोन आठवडे ते ॲप फोनवरून काढून टाक.

आता मैत्रीण. एक तारखेला मेसेज करू का, तर माझं उत्तर, एक तारखेला नको. त्या दिवशी तिच्या फोनवर शुभेच्छांचा ढीग पडलेला असेल, त्यात तुझा एक, आणि तिला कळणारही नाही की तू खरंच हात पुढे केलायस की यादीतल्या सगळ्यांना पाठवला तसा तिलाही पाठवलायस. पण त्याहूनही आधी एक स्वतःला विचार. तुला ती परत हवीये, की वर्ष संपायच्या आत हे खातं मिटवून टाकायचंय? दोन्हींत फरक आहे. खातं मिटवायला केलेल्या मेसेजला उत्तर आलं नाही की माणूस चिडतो, आणि मग दुसरं भांडण होतं जे पहिल्यापेक्षा वाईट असतं. ती परत हवी असेल तर उत्तर नाही आलं तरी वाईट वाटतं, पण मेसेज केल्याचा पश्चात्ताप होत नाही.

हवी असेल, तर जानेवारीतला कुठलाही साधा दिवस धर. छोटं लिही. तू मे महिन्यात जे बोललीस त्यातलं तुला स्वतःला कुठलं वाक्य टोचतंय त्याबद्दल लिही, तिच्या वाक्यांबद्दल अक्षर नको, "पण तू पण" तर नकोच नको. असं काहीतरी, "मे महिन्यात मी तुला जे बोलले ते बोलायला नको होतं, मला त्याचं वाईट वाटतं. तुझी आठवण येते. लगेच उत्तर दे असं नाही." आईचं आजारपण त्यात घालू नकोस, ते घातलं की तिला नाही म्हणणं अवघड होतं आणि तिच्यावर दबाव येतो, ते नंतर बोलता येईल. एकच मेसेज, आणि मग थांबायचं. २०२२ साली पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं होतं, त्यात असं दिसलं की संपर्क सुटलेल्या माणसाला आपण आपणहून चौकशीचा मेसेज केला तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण कायम कमीच धरतो, प्रत्यक्षात समोरच्याला त्यापेक्षा जास्त बरं वाटतं. पण हे संशोधन मुख्यतः संपर्क आपोआप सुटला अशांबद्दलचं आहे, तुमच्यात भांडण झालंय, तेव्हा त्याच्या जोरावर मी तुला आशा लावणार नाही. उत्तर नाही आलं तर मे महिन्याच्या पानावर ते नुकसान म्हणून लिही आणि त्याचं दुःख कर. मैत्रीण गेल्याचं दुःख करायला आपल्याकडे कोणी वेळच देत नाही, लग्न मोडलं तर चार माणसं भेटायला येतात, मैत्री मोडली तर कोणाला सांगायचं तेही कळत नाही. तू मात्र ते छोटं समजू नकोस.

एक जरा काळजीने विचारते. लिहिताच येईना म्हणालीस, ते फक्त वहीपुरतं आहे की बाकीचंही तसंच झालंय? साधारणपणे वाईट आठवणींमधली बोच चांगल्या आठवणींमधल्या आनंदापेक्षा लवकर ओसरते, मन असं आपल्याला सांभाळत असतं, पण उदासीत असलेल्या माणसांमध्ये हे तितकंसं होत नाही असं वॉकर आणि स्कोरॉन्स्की यांच्या २००३च्या अभ्यासात दिसलंय. तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, झोप बिघडली असेल, पूर्वी आवडायचं त्यातही मन लागत नसेल, तर ही वही, हे संकल्प सगळं राहू दे, आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेट. तीन महिने दुसऱ्याची सेवा केलेल्या माणसाला हे होतं, फार जणांना होतं. आणि जगणंच नको असा विचार एकदाही आला असेल तर त्याच दिवशी कोणालातरी सांग, भावाला सांग.

आता संकल्प. सोडून देऊ नकोस. तू वैतागून विचारतेयस ते कळतं, पण संकल्प करण्यात दम नाही हे खरं नाही. नॉरक्रॉस यांनीच २००२ साली दोन गट बघितले, एकाने नवीन वर्षाचा संकल्प केला होता, दुसऱ्याला तसाच बदल हवा होता पण संकल्प केला नव्हता. सहा महिन्यांनी पहिल्यातले ४६ टक्के टिकून होते आणि दुसऱ्यातले ४ टक्के. म्हणजे ठरवण्यानं फरक पडतो. आणि त्यासाठी एक जानेवारीच लागते असंही नाही, हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवलं की आठवड्याची सुरुवात, महिन्याची सुरुवात, वाढदिवसानंतरचे दिवस, या सगळ्याच वेळी लोक नव्या उमेदीने जिमला जातात, नवीन काही धरतात. म्हणजे ऑक्टोबरमध्ये आईकडून परत आलीस तो दिवसही धरता आला असता, पण ते झालं ते झालं, पुढच्या वेळी लक्षात ठेव.

पण सहा नकोत. दोन. मी तुझ्या यादीतली कोणती ठेवीन ते सांगते, पटलं तर घे. बचत यादीतून काढ आणि बँकेला सांगून टाक की पगार झाला की अमुक रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाऊ दे, जे मशीन करू शकतं त्याला संकल्प कशाला हवा. पुस्तकांचा आकडा काढ, वाचायचं तेव्हा वाच, तू वाचणारी आहेस, तुला महिन्याला एकचा हिशोब नकोय. "चिडचिड करायची नाही" हे तर काढूनच टाक, ज्या वर्षात एवढं झालं त्या वर्षात तू चिडली नसतीस तर मला जास्त काळजी वाटली असती. आणि यात एक गोष्ट आहे, "हे करणार नाही" असे संकल्प "हे करीन" पेक्षा कमी टिकतात. स्वीडनमध्ये १,०६६ लोकांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात "करीन" वाले वर्षाअखेर ५८.९ टक्के यशस्वी होते आणि "करणार नाही" वाले ४७.१ टक्के. तुझं मोबाईलचं याच दुसऱ्या प्रकारात येतं. दहा वाजता मोबाईल नाही, ठीक, पण मग दहा वाजता काय? रिकामा हात परत मोबाईलकडेच जाणार. तिथे चित्रं आण. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला आणि उशाशी चित्रांची वही आणि एक पेन्सिल, बास, रंग नकोत, पूर्ण चित्र काढलंच पाहिजे असंही नको, दहा मिनिटं समोर जे दिसेल ते काढायचं, पंखा, स्वतःचा पाय, खिडकी. शाळेनंतर एवढ्या वर्षांनी पहिली चित्रं मनासारखी येणार नाहीत, येऊ नयेतच. एकाच संकल्पात तुझे दोन बसले.

दुसरा, चालणं. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलेली साधी युक्ती आहे, "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच पक्कं करून ठेवायचं, वेळ आणि जागेसकट, नुसतं "रोज चालीन" म्हणण्यापेक्षा याने काम जास्त होतं. तुझ्यासाठी दोन वाक्यं लिहून ठेव, कारण तुझी आता दोन घरं आहेत. घरी असले की, दात घासले की बूट. आईकडे असले की, तिचा चहा झाला की तिच्याबरोबर, तिच्या काठीच्या वेगाने, घरातल्या घरात चालावं लागलं तरी तेवढंच, आणि तेही चालण्यातच धरायचं, फुली मारायची नाही. एखादा दिवस चुकला तर चुकला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांच्या सवयी कशा पडतात ते बघितलं, सवय अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशोब निघाला, मधोमधचा आकडा ६६ दिवस, आणि मधे एखादा दिवस राहिल्याने काही बिघडत नाही असंही दिसलं. तेव्हा "२१ दिवसांत सवय" वगैरे कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस.

आणि पुढचा आढावा डिसेंबरवर टाकू नकोस. फोनमध्ये जूनच्या शेवटच्या रविवारची एक आठवण लावून ठेव, तेव्हा यादी काढून बघ, जे त्या वेळच्या तुझ्या आयुष्यात बसत नसेल ते खोडून टाक, जे नवीन करायला लागलीस ते त्यात लिही. जुलैसारखं परत काही आलं, तर जूनचीही वाट बघू नकोस, त्याच आठवड्यात यादी बदल.